सार्वजनिक ठिकाणचा डिफिब्रिलेटर : त्याची नोंद व निगा

(इयत्ता ५ वी ते ७ वीच्या वर्गांस शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

विषयप्रवेश

इंग्लंडमधील पुष्कळ खेड्यांत रस्त्याच्या कडेला तांबड्या रंगाचा एक जुना टेलिफोन बूथ उभा असलेला दिसतो. त्याचा आराखडा सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या वास्तुशिल्पज्ञाने १९३५ मध्ये, राजे पाचवे जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त तयार केला. पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाइल फोन आला आणि हे बूथ निरुपयोगी झाले. ते मोडीत काढण्याऐवजी ब्रिटिश टेलिकॉम कंपनीने २००८ पासून ते गावांच्या परिषदांना अवघ्या १ पौंडास देण्याची योजना काढली. कोणी त्यात लहानसे वाचनालय थाटले, कोणी गावच्या सूचना लावल्या. अनेक गावांनी मात्र त्यात एक पेटी बसविली व पेटीत डिफिब्रिलेटर नावाचे यंत्र ठेविले. बंद पडलेल्या हृदयास विजेचा धक्का देऊन त्याचे स्पंदन पूर्ववत करण्याचे साधन ते हेच होय.

गावाने वर्गणी जमविली, यंत्र आणले, पेटी बसविली, समारंभही झाला. एवढ्याने गावाचे काम संपले काय? ब्रिटनमधील लोकांना काही वर्षांच्या अनुभवाने असे दिसून आले की, खरे काम त्यानंतर सुरू होते. यंत्र कोठे आहे हे ज्याला कळावयास हवे त्याला कळत नसेल, अथवा पेटी उघडल्यावर ते चालत नसेल, तर ते असून नसल्यासारखेच. नोंद आणि निगा या दोन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. दप्तर व सामान ही दोन्ही ज्यांच्या स्वाधीन असतात अशा शिक्षकवर्गास हा विषय वाटतो तितका परका नाही.

हृदयक्रिया बंद पडते म्हणजे काय?

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया बंद पडणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. झटक्यात हृदयाच्या स्नायूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत अडथळा येतो. रोग्याच्या छातीत दुखते, घाम येतो, परंतु तो बहुधा शुद्धीवर असतो व बोलू शकतो. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा माणूस एकाएकी कोसळतो, हाक मारली तरी ओ देत नाही आणि त्याचा श्वास थांबतो किंवा केवळ आचके दिल्यासारखा चालतो. या आचक्यांमुळे ‘श्वास चालू आहे’ असा पाहणाऱ्यांचा गैरसमज होतो आणि मोलाचा वेळ वाया जातो. पहिल्या प्रकारातून दुसरा उद्भवू शकतो. परंतु दुसऱ्याची कारणे इतरही आहेत आणि तो तरुणांत व मुलांतही आढळतो.

हृदयाचे आकुंचन सूक्ष्म विद्युत्‌प्रवाहाच्या तालावर चालते. अनेकदा हा ताल बिघडून हृदयाचे स्नायू नुसते थरथरू लागतात. हृदय हालत असते, पण रक्त पुढे जात नाही. अशा वेळी बाहेरून दिलेला विजेचा धक्का ती थरथर क्षणभर थांबवितो व हृदयास आपला मूळ ताल पुन्हा धरण्याची संधी मिळते. धक्का मिळण्यास जो विलंब होतो, त्याच्या प्रत्येक मिनिटागणिक रोगी वाचण्याची शक्यता सुमारे १० टक्क्यांपर्यंत घटते, असे वैद्यकीय संस्था सांगतात. उलट कोसळल्यापासून ३ ते ५ मिनिटांत धक्का मिळाल्यास शेकडा ५० ते ७० पर्यंत रोगी वाचू शकतात. ब्रिटनमध्ये दरवर्षी रुग्णालयाबाहेर हृदयक्रिया बंद पडलेल्या ३०,००० हून अधिक व्यक्तींना वाचविण्याचा प्रयत्न केला जातो. त्यांपैकी वाचणाऱ्यांचे प्रमाण दहांत एकाहूनही कमी आहे. रुग्णवाहिका कितीही वेगाने आली तरी पहिल्या पाच मिनिटांत ती पोहोचेलच असे नाही. म्हणून यंत्र लोकांच्या वस्तीतच ठेवावयाचे, ही कल्पना पुढे आली.

यंत्र रस्त्यावर कसे आले?

१९४७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे क्लॉड बेक या शल्यवैद्याने शस्त्रक्रियेच्या वेळी एका १४ वर्षांच्या मुलाच्या उघड्या हृदयास विजेचा धक्का देऊन त्याचे प्राण वाचविले. १९५६ मध्ये पॉल झोल याने छाती न उघडता बाहेरून धक्का देण्याची रीत यशस्वी करून दाखविली. १९६० मध्ये बाल्टिमोर येथील कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी छाती तालबद्ध दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येते हे प्रसिद्ध केले. तथापि विजेचे यंत्र अद्याप रुग्णालयाच्या चार भिंतींतच होते.

ते बाहेर आणले उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहराच्या फ्रँक पँट्रिज या वैद्याने. बहुसंख्य रोगी रुग्णालयाची पायरी चढण्यापूर्वीच दगावतात, मग यंत्रच रोग्याकडे का नेऊ नये, असा विचार त्याने केला. १९६५ मध्ये मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे यंत्र तयार करून त्याने ते रुग्णवाहिकेत बसविले. त्याचे वजन सुमारे ७० किलोग्रॅम होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हृदयाचा ताल स्वतः तपासणारी यंत्रे निघाली आणि जाणकार माणसाची गरज कमी होत गेली. २००० च्या सुमारास इंग्लंडमध्ये विमानतळ व रेल्वे स्थानके येथे अशी यंत्रे शासनाने ठेविली. आज त्यांचे वजन शाळकरी मुलाच्या भरल्या दप्तराएवढेही नसते.

आजचे यंत्र मोठ्याने बोलून सूचना देते. छातीवर दोन चिकटपट्ट्या लावावयाच्या. त्या कोठे लावाव्यात याचे चित्र त्यांवरच असते. यंत्र ताल तपासते आणि धक्क्याची आवश्यकता असेल तरच धक्का देते अथवा तो देण्यासाठी बटण दाबण्यास सांगते. ज्याला धक्का नको त्याला ते धक्का देत नाही. म्हणून अशिक्षित मनुष्याच्या हातूनही त्याचा दुरुपयोग होण्याची भीती फारच थोडी आहे. भीती आहे ती दुसरीच.

नोंद कशासाठी?

समजा, रात्रीचे नऊ वाजले आहेत. इंग्लंडमधील एका खेड्याच्या सभागृहात नाटकाची तालीम चालू असता एक गृहस्थ कोसळतो. कोणीतरी ९९९ हा क्रमांक फिरवितो. पलीकडील कर्मचारी विचारतो, “शुद्ध आहे काय? श्वास नेहमीसारखा आहे काय?” उत्तर नकारार्थी येताच तो छाती दाबण्यास सांगतो व कशी दाबावी हे शब्दाशब्दाने सांगत राहतो. त्याच वेळी त्याच्यापुढील संगणक त्या जागेजवळ नोंदलेली यंत्रे शोधतो. “दोनशे पावलांवर दुकानाच्या भिंतीला पेटी आहे, कुलपाचा अंक अमुक आहे, दुसरा कोणी असेल तर त्याला पाठवा. तुम्ही छाती दाबणे थांबवू नका.” तरुण धावत जातो, अंक फिरवितो, यंत्र घेऊन येतो. एकटाच मनुष्य जवळ असेल, तर त्याने रोग्यास टाकून यंत्रासाठी जाऊ नये, हा नियमही येथे लक्षात ठेवावा.

आता हाच प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे आणावा. मात्र यंत्राची नोंद झालेली नाही असे समजावे. कर्मचाऱ्याच्या पडद्यावर काहीच उमटत नाही. कित्येक वर्षे गावात असलेले, सर्वांनी वर्गणी देऊन आणलेले यंत्र दोनशे पावलांवर पेटीत पडून राहते. घाबरलेल्या लोकांना ते आठवतेच असे नाही. आठवले तरी कुलपाचा अंक कोणाजवळ आहे हे ठाऊक नसते.

हा केवळ कल्पनेचा खेळ नाही. ब्रिटनमध्ये यंत्रे बसविणाऱ्या संस्था अनेक, गावे अनेक, आणि रुग्णवाहिका सेवांच्या याद्याही निरनिराळ्या होत्या. सर्व यंत्रांची माहिती एके ठिकाणी नव्हती. हजारो यंत्रे कोणत्याही यादीत नव्हती. म्हणून ब्रिटिश हार्ट फाउंडेशन या संस्थेने तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा, सेंट जॉन ॲम्ब्युलन्स व रिससिटेशन कौन्सिल यांच्या सहकार्याने ‘द सर्किट’ नावाची एक राष्ट्रीय नोंदवही सिद्ध केली. २०१९ मध्ये तिचा आरंभ प्रायोगिक स्वरूपात झाला व पुढे देशातील सर्व १४ रुग्णवाहिका सेवा तिच्याशी जोडल्या गेल्या. आता तिच्यातील यंत्रांची संख्या १ लाखाहून अधिक झाली आहे. नोंदणीस शुल्क नाही. मात्र ती ज्याची त्याने करावयाची असते.

नोंदीतील चार प्रश्न

या नोंदवहीत भरावयाची माहिती पाहिली असता ती चार साध्या प्रश्नांत सामावते असे दिसेल.

१) कोठे? नुसता पत्ता पुरत नाही. ‘शाळेत’ असे लिहिल्याने धावत येणाऱ्यास काय कळणार? ‘शाळेच्या रस्त्याकडील भिंतीवर, मोठ्या फाटकाच्या डाव्या हातास’ असे लिहावे लागते. पेटीस कुलूप असल्यास त्याचा अंक नोंदीत असलाच पाहिजे.

२) केव्हा? यंत्र चोवीस तास हाती येते, की दुकान उघडे असतानाच? बंद दाराआड असलेले यंत्र रात्री निरुपयोगी होय. वेळ लिहिली नाही, तर लोक बंद दारापाशी जाऊन परत येतील व मिनिटे फुकट जातील. म्हणूनच यंत्र शक्यतो इमारतीच्या बाहेरील भिंतीवर बसवावे, असा सल्ला दिला जातो.

३) कशा स्थितीत? यंत्राची जात व क्रमांक, चिकटपट्ट्यांची मुदत संपण्याची तारीख, तपासणी केव्हा झाली, ही माहिती येथे येते.

४) कोणाकडे? प्रत्येक यंत्रास नाव लावून दिलेला एक रक्षक असतो. त्याच्या जोडीस दुसऱ्या एका व्यक्तीचे नाव देण्याची सोय आहे. मुदत संपत आली की त्यास स्मरणपत्र जाते. तपासणी करून ‘यंत्र सज्ज आहे’ असे त्याने कळवावयाचे असते.

पहिले तीन प्रश्न वस्तूसंबंधी आहेत, चौथा माणसासंबंधी आहे. आणि अनुभव असा की, चौथ्याचे उत्तर चुकले म्हणजे बाकीची तीनही उत्तरे हळूहळू खोटी होत जातात. ज्या दिवशी नोंद केली त्या दिवशी ती खरी होती. दोन वर्षांनी ती खरी आहे की नाही, हे पाहणारा मनुष्य हवा.

निगा कशी राखावयाची?

डिफिब्रिलेटर हे असे साधन आहे की, ते बहुतेक वेळ काहीच करीत नाही. रोज वापरातील वस्तू बिघडली तर त्याच दिवशी कळते. विहिरीचा रहाट करकरू लागला की पाणी भरणारी पहिलीच बाई सांगते. पण जी वस्तू वर्षानुवर्षे वापरात येत नाही, तिचा बिघाड गरजेच्या क्षणीच उघडकीस येतो. म्हणून तिची निगा मुद्दाम ठरवून राखावी लागते.

यंत्र ठराविक काळाने आपली आपणच परीक्षा घेते व तिचा निकाल एका खुणेने दाखविते. बहुतेक यंत्रांवर हिरवा दिवा किंवा बरोबरची खूण असते. दोष असल्यास खूण बदलते अथवा यंत्र बारीक आवाज करू लागते. परंतु ती खूण पाहण्यास कोणी गेलेच नाही तर? दर आठवड्यास, निदान महिन्यातून एकदा, पेटीपाशी जाऊन नजर टाकणे एवढेच रक्षकाचे मुख्य काम आहे. त्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

चिकटपट्ट्यांना ओलसर लेप असतो. त्यामुळे त्या कातडीस घट्ट बसतात व वीज नीट पोहोचते. हा लेप कालांतराने सुकतो. म्हणून पाकिटावर मुदत छापलेली असते. ती सामान्यतः दोन ते पाच वर्षांची असते. पाकीट फाटले असल्यास मुदतीपूर्वीच पट्ट्या बदलाव्या लागतात. बॅटरीचेही आयुष्य मर्यादित असून ते बहुधा चार-पाच वर्षांचे असते. कडाक्याच्या थंडीने लेप व बॅटरी दोन्ही बिघडतात, म्हणून त्या देशात बाहेरच्या पेट्यांना आतून ऊब देणारी विजेची सोय असते. जुन्या टेलिफोन बूथमध्ये विजेची तार आधीच आलेली होती, हा त्यांचा एक फायदाच झाला. ऊब देणारी वीज तुटली नाही ना, हेही पाहावे लागते.

यंत्राबरोबर एक लहान पिशवी असते. कपडे कापण्यासाठी कात्री, छातीवरील केस काढण्यासाठी वस्तरा, घाम टिपण्यासाठी रुमाल, हातमोजे, असे तिच्यातील सामान असते. या वस्तू क्षुल्लक दिसतात. परंतु ओल्या अंगावर पट्टी चिकटत नाही आणि घट्ट सदरा हातांनी लवकर फाटत नाही.

वापरानंतरची निगा सर्वांत अधिक विसरली जाते. एकदा वापरलेल्या पट्ट्या पुन्हा चालत नाहीत. रुग्णवाहिका सेवेने लोकांना ज्या यंत्राकडे धाडले, ते ती नोंदवहीत तात्पुरते ‘उपलब्ध नाही’ असे दाखविते. रक्षकाने नव्या पट्ट्या घालून, बॅटरी पाहून, यंत्र पुन्हा सज्ज असल्याचे कळविल्यावरच ते यादीत परत येते. त्याने कळविले नाही, तर चांगले यंत्रही यादीबाहेर राहते. यंत्र प्रत्यक्षात सज्ज असणे आणि नोंदीत सज्ज असणे या दोन्हींची गरज येथे स्पष्ट होते.

शाळांचे उदाहरण

२०११ मध्ये लिव्हरपूल शहरात १२ वर्षांचा एक विद्यार्थी शाळेतील पोहण्याच्या शर्यतीत भाग घेत असता त्याची हृदयक्रिया बंद पडली व तो मरण पावला. त्याच्या हृदयात पूर्वी कोणाच्याही ध्यानात न आलेला दोष होता. मुलाच्या मृत्यूनंतर त्याच्या आईवडिलांनी प्रत्येक शाळेत हे यंत्र असावे म्हणून अनेक वर्षे चळवळ केली. अखेर २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत इंग्लंडच्या शिक्षण खात्याने तेथील शासकीय अनुदानावर चालणाऱ्या सुमारे १८,००० शाळांना २०,००० हून अधिक यंत्रे पुरविली. यंत्र मिळालेल्या शाळांनी त्याची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करावी, असेही त्यांना सुचविण्यात आले.

एका पित्याचे व एका मातेचे दुःख वीस हजार यंत्रांच्या रूपाने उभे राहिले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ती यंत्रे शाळांच्या भिंतींवर लागल्यापासून त्यांच्यासंबंधीचे दैनंदिन प्रश्न शिक्षकांच्या वाट्यास आले. इंग्लंडमधील शाळांना उन्हाळ्यात सुमारे सहा आठवडे सुटी असते. त्या काळात हिरवी खूण कोणी पाहावयाची? ज्या शिक्षकाचे नाव रक्षक म्हणून दिले, तो दुसऱ्या गावी गेला तर स्मरणपत्र कोणास मिळणार? नवा शिक्षक आला, त्याला शाळेची किल्ली मिळाली, हजेरीपट मिळाला. पण भिंतीवरची पेटी आपल्या नावावर करून घ्यावयाची आहे, हे त्याला कोणी सांगितले काय? येथे कोणाच्याही अंगी दुष्टावा नाही की आळसही नाही. माणूस बदलला व नाव बदलावयाचे राहिले, एवढेच घडलेले असते. आणि तेवढ्यानेच यंत्र निराधार होते.

आपल्या शाळेच्या वहीसाठी बोध

बदली म्हणजे काय हे जिल्हा परिषदेच्या शिक्षकास कोणी समजावून सांगावयास नको. आपल्याकडे डिफिब्रिलेटर काही विमानतळांवर व मोठ्या शहरांतील काही ठिकाणी दिसतो. खेड्यांतील बहुतेक शाळांत तो नाही. तथापि गरजेच्या क्षणापर्यंत स्वस्थ पडून राहणाऱ्या वस्तू प्रत्येक शाळेत आहेत. प्रथमोपचाराची पेटी आहे. पोषण आहार शिजतो त्या खोलीपाशी अग्निशामक यंत्र आहे. या वस्तूंची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात असते. त्यात वस्तूचे नाव, नग, किंमत व खरेदीची तारीख लिहिलेली असते. चार्ज देताघेताना नग मोजले जातात आणि सह्या होतात. वस्तू हरवू नये यासाठी ही नोंद आवश्यकच आहे. परंतु पेटी एक नग आहे, एवढे तिच्यावरून कळते. पेटीतील मलम दोन वर्षांपूर्वी सुकले आहे, हे कळत नाही. अग्निशामक यंत्र एक नग आहे. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही व ते मागे केव्हा भरले, हे कळत नाही.

यास्तव शाळेतील संकटकाळच्या वस्तूंपुरते, एका साध्या वहीचे एक पान निराळे राखणे हितावह होईल. त्यावर वर सांगितलेल्या चार प्रश्नांचे चार रकाने असावेत : कोठे, केव्हा हाती येते, कशा स्थितीत, कोणाकडे. पाचवा रकाना तपासणीची तारीख व सही यांसाठी ठेवावा. महिन्याच्या पहिल्या शनिवारी पाच मिनिटांत हे काम होते. वस्तू कुलपात असल्यास किल्ली कोणाजवळ, हे दुसऱ्या रकान्यात यावे. चौथ्या रकान्यात नेहमी दोन नावे असावीत. एक शिक्षकाचे, दुसरे गावातच कायम राहणाऱ्या एखाद्या विश्वासू व्यक्तीचे, मग ती शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य असो की पोषण आहार शिजविणारी ताई असो. चार्ज देताना हे पान नव्या शिक्षकास वाचून दाखवावे व प्रत्येक वस्तू प्रत्यक्ष उघडून दाखवावी.

याच पानाच्या शेवटी १०८ व ११२ हे क्रमांक आणि शाळेचा पूर्ण ठावठिकाणा लिहून ठेवावा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून चालू आहे. गाव, तालुका, जवळचा मोठा रस्ता व ओळखीची खूण ही माहिती घाबरलेल्या मनुष्यास धड सांगता येत नाही. लिहिलेली असल्यास तो ती वाचून दाखवू शकतो. हाच मजकूर मोठ्या अक्षरांत वऱ्हांड्यातील भिंतीवर लिहिल्यास तो गावासही उपयोगी पडेल.

यंत्र नसले तरी हात असतातच. धक्का देणारे यंत्र येईपर्यंत, किंवा रुग्णवाहिका येईपर्यंत, छाती दाबून मेंदूस थोडेफार रक्त पुरविता येते. मोठ्या माणसाच्या छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटास १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाब द्यावा व प्रत्येक वेळी छाती पूर्ववत वर येऊ द्यावी. हे वाचून येत नाही; प्राथमिक आरोग्य केंद्रातील अथवा अन्य प्रशिक्षित व्यक्तीकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावे. १२ व्या वर्षापासून शाळेत दरवर्षी दोन तास हे शिक्षण द्यावे, या सूचनेस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये पाठिंबा दिला. त्याहून लहान मुलांनाही कोसळलेल्या माणसास ओळखणे, मोठ्यांना हाक मारणे व फोनवर ठिकाण सांगणे, या तीन गोष्टी येऊ शकतात.

वर्गपाठाचे टाचण

इयत्ता : ५ वी ते ७ वी. वेळ : दोन तासिका.

उद्देश : (१) संकटकाळच्या वस्तूची नोंद व निगा यांचे महत्त्व विद्यार्थ्यांस पटविणे. (२) मदत मागताना ठिकाण अचूक सांगण्याची सवय लावणे.

साहित्य : शाळेची प्रथमोपचार पेटी, कोरा तक्ता, धान्याचे अर्धे भरलेले पोते अथवा घट्ट उशी, सेकंदकाटा असलेले घड्याळ.

प्रस्तावना : शिक्षकाने विचारावे, “समजा, खेळताना सदाचा गुडघा फुटला. पेटी कोण आणील?” एका विद्यार्थ्यास पेटी आणण्यास पाठवावे व त्यास लागलेली सेकंदे इतरांनी मोजावीत. किल्ली शोधण्यात वेळ गेला तर तो झाकू नये. विद्यार्थ्यांनीच तो सांगावा.

विषय-विवेचन : टेलिफोन बूथमधील यंत्राची हकीकत थोडक्यात सांगावी. नोंद नसलेल्या यंत्राचा प्रसंग सांगून, “यंत्र होते, तरी का मिळाले नाही?” असे विचारावे. उत्तरे मुलांकडूनच काढून घ्यावीत व त्यांतून चार प्रश्न फळ्यावर आणावेत.

कृती : (१) चार गटांनी पेटी उघडून प्रत्येक वस्तूची मुदत वाचावी व तक्ता भरावा. मुदत संपलेल्या वस्तू बाजूस काढाव्यात. (२) जोडीजोडीने फोनचा संवाद करावा. एकाने १०८ चा कर्मचारी व्हावे, दुसऱ्याने शाळेचे ठिकाण असे सांगावे की परगावच्या माणसास ते सापडेल. (३) प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाने पोत्यावर दाब देण्याचा ताल दाखवावा. अर्ध्या मिनिटात ५० ते ६० दाब व्हावेत. जिवंत माणसाच्या छातीवर याचा सराव कधीही करू देऊ नये, ही ताकीद आरंभीच द्यावी.

फळ्यावरील लेखन : कोठे? केव्हा? कशा स्थितीत? कोणाकडे?

उजळणीचे प्रश्न : (१) झटका आलेला मनुष्य व हृदयक्रिया बंद पडलेला मनुष्य यांत बाहेरून कोणता फरक दिसतो? (२) फ्रँक पँट्रिजने यंत्र रोग्याकडे का नेले? (३) यंत्र एकदा वापरल्यावर काय काय करावे लागते? (४) रक्षक म्हणून दोन नावे का असावीत?

घरचा अभ्यास : आपल्या गावातील सर्वांच्या उपयोगाच्या एका वस्तूची, उदाहरणार्थ हातपंप, पाण्याच्या टाकीचा कोंडाळा किंवा रस्त्यावरचा दिवा, चार प्रश्नांच्या आधारे नोंद करावी. चौथ्या प्रश्नाचे उत्तर गावात विचारून आणावे. ‘कोणाकडेच नाही’ असे उत्तर आले, तर तेही तसेच लिहावे.

समारोप

नोंदवह्या पुष्कळ, लिहावयास वेळ थोडा, ही शिक्षकांची अडचण खरी आहे, आणि म्हणून येथे आणखी एक वही सुचविलेली नाही. एक पान सुचविले आहे. त्या पानावर महिन्यातून एकदा पडणारी तारीख ही तपासनिसासाठी नव्हे. ती त्या अनोळखी धावत येणाऱ्यासाठी आहे, जो एखाद्या दिवशी पेटीचे झाकण उघडील व आत जे लिहिले आहे तेच आहे, असा विश्वास धरील.